पंप बदलून दिलात, इंजिनाचं काय?

प्रति,
डिझेल पिकअप बनवणाऱ्या कंपन्यांचे गुणवत्ता, वॉरंटी आणि विक्रीपश्चात सेवा विभाग

स.न.वि.वि.

मी मेकॅनिक आहे. वीस-बावीस वर्षं डिझेल गाड्याच उघडतोय, त्यातही जास्त करून पिकअप. हे पत्र लिहिताना समोर बाकावर एक वॉटर पंप ठेवलाय, इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, फिरवणारा. तुमच्यापैकीच एका कंपनीचा. कोणत्या कंपनीचा ते इथे सांगत नाही, कारण मला भांडण एकाशी नाही. नाव लिहिलं तर बाकीचे सगळे मान डोलावून पुढच्या कामाला लागतील.

हा पंप ज्या गाडीतून निघाला ती टो होऊन माझ्याकडे आली. मालकच चालवतो, गाडीवर त्याचं पोट. माल भरलेला होता, चढ होता, आणि एकाएकी गाडीची ओढ गेली, मागे पांढरा धूर. तो थांबला आणि त्यानं इंजिन बंद केलं. तोवर व्हायचं ते झालं होतं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उचललं तर त्याखालचं गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधोमध जळालेलं, हेडवर पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसत होता, म्हणजे हेड वाकलेलं. मी त्याला सगळेच विचारतात तो प्रश्न विचारला, "काटा वर गेला तेव्हाच का नाही थांबलात?" तो म्हणाला, "काटा मध्यावरच होता." खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. असं सगळेच म्हणतात. पण मग स्कॅनर लावला. तुमच्याच ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरमध्ये, कूलंटचं कमाल तापमान नोंदलेलं होतं १०४ अंश. माणूस खरं बोलत होता.

असं कसं होतं हे तुमच्या इंजिनिअरना ठाऊक आहे, पण वॉरंटीचे अर्ज नाकारणाऱ्या टेबलापर्यंत ते पोचलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. पंपाच्या सीलमधून कूलंट निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो, त्याच्याभोवती वाफ नाहीतर हवा. वाफ धातूसारखी किंवा पाण्यासारखी उष्णता देत नाही. हेड तापून वाकायला लागलेलं असतं आणि सेन्सर बिचारा आपला थंड बसलेला असतो. त्यात भर म्हणजे डॅशबोर्डवरचा काटा. तो तुम्ही मुद्दाम आळशी केलेला आहे. साधारण ७५ अंशांपासून १०० च्या पुढेपर्यंत तो मध्यावरून हलतच नाही, कारण काटा जरा हलला की ग्राहक सर्व्हिस सेंटरला फोन करतो म्हणे. ग्राहकाच्या फोनचा त्रास वाचवायला काटा झोपवला, आणि आता त्याच ग्राहकाला लेखी कळवता, "वाहन अतितप्त अवस्थेत चालवल्यामुळे झालेले नुकसान वॉरंटीत समाविष्ट नाही."

पंप मात्र फुकट बदलून दिलात. तेवढं मान्य करतो. पंप वॉरंटीत, गॅस्केट नाही, हेड घासून सपाट करायचं फेसिंग नाही, गाडी उभी राहिली ते दिवस नाहीत.

आता गळती त्याला दिसली का नाही? हाही प्रश्न तुमच्या पत्रात होता, "नियमित तपासणीचा अभाव". त्याचं उत्तर या पंपातच आहे. पंपाच्या पोटाखाली एक छोटं भोक असतं, वीप होल. आत एका बाजूला कूलंट अडवणारं सील, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, आणि दोघांच्या मध्ये मोकळी जागा. सील झिरपायला लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर यावं आणि माणसाला कळावं, अशी ती जुनी आणि फार शहाणी योजना आहे. भोकाभोवती वाळलेला रंगीत डाग थोडाफार असतोच, त्याला घाबरायचं कारण नाही. थेंब पडायला लागला की पंपाचे दिवस भरले. पण या गाडीत ते भोक पुलीच्या मागे, आणि खाली इंजिनाला प्लॅस्टिकचं ताट. थेंब पडायचा तो ताटात. ताट मागून उतरतं, म्हणून पाणी तिथून वाहत जायचं आणि गाडी चालू असताना वाऱ्यानं वाळून जायचं. रात्री गाडी लावली त्या जागी सकाळी जमीन कोरडी. मी ताट खोललं तेव्हा त्यावर कूलंटचे थरावर थर साठलेले होते. कित्येक आठवडे पंप ओरडून सांगत होता, आणि ऐकू येणार नाही अशी सोय तुम्ही करून ठेवली होती.

मी इंजिनिअर नाही. पण हा पंप करतो काय, ते हातानं शिकलोय. जळलेल्या डिझेलच्या उष्णतेतला साधारण पाव ते तिसरा हिस्सा कूलंटमधून बाहेर काढावा लागतो. पूर्ण सिस्टिममध्ये पाणी फार तर दहा-वीस लिटर, आणि इंजिन जोरात फिरत असताना पंप मिनिटाला शंभर-दोनशे लिटर सहज फिरवतो. म्हणजे तेच पाणी मिनिटाभरात अनेकदा इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि परत. पंप थांबला तर रेडिएटर कितीही मोठा असू द्या, उपयोग शून्य. बरं, पिकअप ही काही बाजारहाटाची छोटी कार नाही. ती भरूनच चालते, मागे ट्रेलर असतो, चढ असतो, खालच्या गिअरमध्ये तासन् तास असते. पंप आधी तिथेच मरतो आणि इंजिनही तिथेच मरतं.

मरतो तेही एका तऱ्हेनं नाही. सील गेलं की गळतो. बेअरिंग गेलं की आधी घुर्र आवाज, मग पुली हातानं हलवली की डुलते, मग बेल्ट उतरतो, आणि त्याच बेल्टवर अल्टरनेटर असेल तर तोही बसतो. काही इंजिनांत फॅनच पंपाच्या शाफ्टवर बसवलेला, तिथे बेअरिंगचं आयुष्य फॅनच्या तोलावर. टायमिंग बेल्टनं पंप फिरवणाऱ्या इंजिनात तो जाम झाला तर बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग हेड गॅस्केटची चर्चाही उरत नाही. आणि मला सगळ्यात वाईट वाटणारा प्रकार म्हणजे इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, शाफ्टवर सैल होणं, नाहीतर प्लॅस्टिकच्या इम्पेलरची पाती झडणं. पुली फिरते, आवाज नाही, गळती नाही, पाणी भरलेलं. रिकामी गाडी फिरवून पाहा, सगळं ठीक. माल भरून चढावर घेतली की तापते. अशा गाडीचा थर्मोस्टॅट बदलला जातो, रेडिएटर साफ होतो, कॅप बदलतात, एकेक करत मालकाचा खिसा हलका होतो आणि पंप शेवटी उघडला जातो. मीही हे केलंय. दोनदा तरी.

आमची चूक लपवत नाही. निळ्या कूलंटमध्ये गुलाबी ओतणारे आमच्यातलेच आहेत. दोन न जुळणारी कूलंट मिसळली की काही वेळा चिखलासारखा साका होतो. साधं जड पाणी वर्षानुवर्षं भरत राहिलं की क्षार बसतात, ते कण सीलच्या दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये शिरले की पॉलिश कागदासारखे घासतात. त्या चकत्यांना वंगण म्हणून कूलंटचाच पातळ पापुद्रा असतो. नवा पंप बसवून पाणी भरायच्या आधी "जरा सुरू करून बघू" म्हणणाऱ्या पोऱ्यानं तो पंप तिथेच अर्धा मारलेला असतो. रेडिएटरची कॅप दाब धरत नसेल तर पंपात बुडबुडे होऊन फुटतात आणि इम्पेलरला खड्डे पडतात. बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला तर बेअरिंग जातं. हे सगळं आमच्या हातून होतं आणि त्याचा भार तुमच्यावर टाकणं चूक आहे.

पण मी पंप उघडून बघतो. ज्यात क्षार आहेत, साका आहे, तो मालकाचा किंवा माझा. ज्याच्या आत आरशासारखं स्वच्छ, कूलंट तुमचंच, मुदतीतलं, आणि तरी सील गेलंय, तो कोणाचा? एक आला तर नशीब म्हणेन. एकाच मॉडेलच्या, जवळपास त्याच किलोमीटरच्या चार गाड्या वर्षाभरात तसाच पंप घेऊन आल्या तर मलाही आकडेमोड येते. मला चार दिसल्या. तुमच्याकडे वॉरंटीचे सगळे अर्ज येतात, जुने पंप परत येतात. तुम्हाला किती दिसले असतील?

आणि दिसलेही होते. मी हेड परत बसवत होतो त्या आठवड्यात एका ओळखीच्यानं मला डीलरांना गेलेलं तांत्रिक परिपत्रक दाखवलं. त्याच इंजिनाबद्दल, त्याच पंपाबद्दल. "ग्राहकाने कूलंट कमी होत असल्याची तक्रार केल्यास पंप तपासून सुधारित पंप बसवावा." तारीख गाडी टो होऊन येण्याच्या आठ महिने आधीची. त्यातला "तक्रार केल्यास" हा शब्दप्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचला. तक्रार करायला आधी कळायला हवं. कळू नये म्हणून ताट आहे, काटा आहे, आणि परिपत्रक डीलरच्या कपाटात आहे. हा माणूस गाडीचा तिसरा मालक, डीलरकडे जातच नाही, माझ्याकडे येतो. त्याला कोण सांगणार होतं?

इथे तुमचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे. रिकॉल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करणं, सुरक्षेच्या दोषासाठी असतो, वॉटर पंप म्हणजे झिजणारा भाग. ही रेघ तुम्ही अमेरिकेच्या नियमांवरून शिकलात, तेव्हा त्याच नियमांकडे नीट पाहू. तिथे वाहन सुरक्षेचा कायदा १९६६ साली आला, आणि रिकॉलची दुरुस्ती फुकट करून देण्याची सक्ती १९७४ च्या दुरुस्तीनं आली. तिथली वाहतूक सुरक्षा संस्था दोषांची उदाहरणं देते. वेळोवेळी तपासून बदलायच्या भागांची नेहमीची झीज सुरक्षेच्या दोषात धरत नाहीत, हे खरं. पण त्याच यादीत सुरक्षेचा दोष म्हणून काय आहे? इंजिनाच्या फॅनची पाती अचानक तुटून काम करणाऱ्या माणसाला लागणं. म्हणजे बॉनेट उघडून वाकलेल्या माझ्यासारख्याचा विचार त्या यादीत आहे. मग तोच फॅन ज्या बेअरिंगवर फिरतो ते बेअरिंग निव्वळ झिजणारा भाग कसं?

आणि पंपावर रिकॉल होतच नाही असंही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये रॅम ब्रँडच्या हेवी ड्यूटी गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला, ६.७ लिटरच्या कमिन्स डिझेल इंजिनांच्या, एकूण सुमारे ४ लाख ९४ हजार गाड्या. कारण वॉटर पंपाचं बेअरिंग. ते तापून आग लागण्याचा धोका होता. म्हणजे आग लागू शकते म्हटल्यावर तोच वॉटर पंप सुरक्षेचा भाग झाला. आग न लागता भरलेली गाडी चढावर, वळणावर, मागे वाहनांची रांग असताना बंद पडली तर तो "झिजणारा भाग". ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत इंजिन बंद पडल्यावर किती वेळ टिकते, हे तुमच्या चाचणीच्या ड्रायव्हरला विचारा. भरलेल्या गाडीत विचारा.

२००० सालच्या आणखी एका कायद्यानं तिथे कंपन्यांना वॉरंटीच्या अर्जांचे आकडे भागवार सरकारला कळवावे लागतात. त्या रकान्यांमध्ये "इंजिन आणि इंजिन कूलिंग" असा वेगळा रकानाच आहे. त्याच कायद्यामुळे, रिकॉल जाहीर होण्याआधी स्वतःच्या पैशानं दुरुस्ती केलेल्या मालकाला ठरावीक मुदतीत पावती दाखवून पैसे परत मिळण्याची वाट झाली. आणि २०१५ च्या कायद्यानं फुकट दुरुस्तीची मुदत दहा वर्षांवरून पंधरा वर्षांवर नेली. पिकअपसाठी हे फार मोलाचं आहे, कारण पिकअप दहा वर्षांत म्हातारी होत नाही, फक्त मालक बदलते. २०१४ पासून तिथे कोणीही १७ अक्षरी चॅसिस नंबर टाकून आपल्या गाडीवर रिकॉल बाकी आहे का ते घरबसल्या पाहू शकतो. डीलरांना जाणारी परिपत्रकंही तिथे लोकांना बघायला मिळतात. जे एका देशात कायद्यानं करावं लागतं ते बाकीच्या जगात तुम्ही आपण होऊन करू नये असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

म्हणून माझं मागणं काही अवाढव्य नाही. रिकॉल म्हणा, सर्व्हिस मोहीम म्हणा, नाव तुम्ही ठेवा. ज्या गाड्यांत ज्या बॅचचे पंप गेलेत त्यांचे चॅसिस नंबर उघड करा, असे की टपरीवरचा मेकॅनिकही फोनवर पाहू शकेल. वॉरंटी संपलेल्या गाड्या डीलरकडे जात नाहीत, आमच्याकडे येतात. आम्हाला कळलं की मालकाला कळलं. पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर पाठवून "आम्ही कळवलं होतं" म्हणण्यात काही अर्थ नाही.

आणि मुख्य गोष्ट, पंपाच्या दोषामुळे इंजिन गेलं असेल तर इंजिनही द्या. पंपात दोष होता हे मान्य करूनच तुम्ही नवा पंप दिलात. मग त्या दोषाचा परिणाम मालकाच्या गळ्यात का? मालकानं लाल दिवा पाहूनही गाडी हाकली असेल तर ईसीयू सांगेलच, तेव्हा खुशाल नाकारा. पण ईसीयूत १०४ अंश असताना "अतितप्त अवस्थेत चालवले" असं लिहायला हात धजतो कसा? त्या नोंदीची प्रत अर्ज नाकारण्याच्या पत्राला जोडायची सक्ती स्वतःवर घाला. माझी खात्री आहे, निम्मी पत्रं टाईपच होणार नाहीत.

रिझर्व्हायरमध्ये, म्हणजे कूलंटच्या टाकीत, पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर बसवा. कित्येक गाड्यांत तो आहे, महाग गाड्यांत नक्कीच आहे. दिवसभर माल वाहणाऱ्या गाडीत तो का नको, हे मला कळलेलं नाही. काटा जागा करा. ताटाला पंपाच्या बरोबर खाली एक भोक पाडा. याला नवं संशोधन लागत नाही, ड्रिल लागतं. मी माझ्याकडे येणाऱ्या त्या मॉडेलच्या गाड्यांना पाडून देतो.

सुधारित पंपाचा साठा नसेल तर तसंही सांगा. "पार्ट आला की कळवतो" एवढ्यावर महिनोन् महिने गाडी थांबवता येत नाही, ती रोज कामावर जाणारच. तोवर काय बघायचं ते मालकाला लिहून द्या. गाडी थंड असताना रोज सकाळी पातळी बघ. बॉनेट उघडून पुलीच्या मागे टॉर्च मार. चालता चालता हीटर लावून बघ, इंजिन गरम असून हीटरमधून गार हवा आली तर पाणी नाही किंवा फिरत नाही, काटा काहीही म्हणू दे, थांब आणि बंद कर. तापलेली कॅप उघडू नकोस, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नकोस. मी हे माझ्या गिऱ्हाइकांना पाठ करून घेतलंय. तुमच्या मॅन्युअलमध्ये हीटरचा उल्लेख शोधला, मला सापडला नाही. सीटचं कव्हर कसं पुसायचं यावर मात्र दीड पान आहे.

एक शेवटचं. गेलेला पंप तुम्ही परत मागवला होता, "तपासणीसाठी". मालकानं दिला नाही, मीच देऊ नका म्हटलं, कारण परत गेलेल्या पंपाचा तपासणी अहवाल आजवर एकाही मालकाच्या हाती आलेला मी पाहिला नाही. ज्याला बघायचाय त्यानं या, चहा नाही पण पट्टी आणि भिंग आहे. त्याच्या पार्ट नंबरच्या शेवटी 'ए' आहे. तुम्ही बदलून दिलेल्या सुधारित पंपावर 'सी' आहे. मधला 'बी' कोणत्या गाड्यांत बसवला आणि तो का बदलावा लागला, तेवढं कळवावं.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक